राजघराण्याच्या स्मरणवस्तूंवरील उत्पादक देशाची नोंद

ब्रिटनमध्ये राज्याभिषेक, शाही विवाह किंवा कारकिर्दीचा महोत्सव आला की कप, बश्या, पदके, डबे यांचा बाजार भरतो. ही वस्तू घडली कुठे, हे सांगणारा तळावरचा शिक्का किंवा लेबल म्हणजे उत्पादक देशाची नोंद. तिचे नियम एका कायद्यात मिळत नाहीत. ते ग्राहक कायदा, जकात आणि न्यायालयीन निवाडे यांत विखुरलेले आहेत.

सुरुवात 1887 ची. व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने व्यापारी खुणांचा कायदा केला. परदेशी माल ब्रिटिश म्हणून खपू नये, हा हेतू. ‘मेड इन जर्मनी’ हा शिक्का त्यातूनच रूढ झाला आणि पुढे तोच दर्जाची खूण ठरला, ही कायदा करणाऱ्यांची फजितीच. याच धर्तीचा कायदा 1889 मध्ये हिंदुस्थानातही आला. त्यात कापडाच्या ठाणांवर लांबी छापण्याचीही सक्ती होती.

इंग्लिश चिनी मातीच्या भांड्यांवर देशाचे नाव रुळले ते मुख्यतः अमेरिकेमुळे. तिथल्या 1890 च्या जकात कायद्याने आयात मालावर मूळ देश लिहिणे सक्तीचे केले. त्यामुळे तळावर ‘इंग्लंड’ असले तर भांडे साधारण 1891 नंतरचे आणि ‘मेड इन इंग्लंड’ असले तर बहुधा विसाव्या शतकातले, असा संग्राहकांचा ढोबळ आडाखा असतो. आठव्या एडवर्ड राजाच्या राज्याभिषेकासाठी काढलेले मग (मोठे कप) या बाबतीत गमतीचे आहेत. राज्याभिषेक 12 मे 1937 ला ठरला होता, पण डिसेंबर 1936 मध्येच त्याने गादी सोडली. मगावर छापलेला सोहळा झालाच नाही. तळावरचा देश मात्र खरा.

राजचिन्हे व्यापारासाठी मनाला येईल तशी वापरता येत नाहीत. मोठ्या प्रसंगी लॉर्ड चेंबरलेनचे, म्हणजे राजदरबाराचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याचे, कार्यालय ही बंधने काही काळ सैल करते. वस्तू अभिरुचीला धरून असावी, टिकाऊ असावी, तिच्यावर जाहिरात नसावी आणि राजघराण्याची पसंती सूचित होऊ नये, अशा अटी असतात. मगावर मुकुट आहे म्हणून तो ब्रिटनमध्येच घडला असे समजणे भाबडेपणाचे आहे.

स्मरणवस्तूंबाबतचा सर्वांत महत्त्वाचा निवाडा राजा नसलेल्या आयर्लंडचा आहे. तीनपानी शॅमरॉक, वुल्फहाउंड कुत्रा, गोल मनोरे अशी आयरिश चित्रे असलेल्या आयात दागिन्यांवर मूळ देश किंवा ‘परदेशी’ हा शब्द हवाच, असे आदेश तिथे 1971 मध्ये निघाले होते. प्रवासी फसू नये, हे सरकारचे म्हणणे. युरोपीय न्यायालयाने 17 जून 1981 रोजी ते अमान्य केले. स्मरणवस्तूचे सार भेट दिलेल्या जागेची आठवण करून देण्यात आहे, ती तिथेच घडलेली असावी असे नाही. स्थानिक कारागिरांना हवे तर त्यांनी आपल्या मालावर आपली खूण उमटवावी, असे न्यायालयाचे मत पडले. बरोबर सहा आठवड्यांनी चार्ल्स आणि डायना यांचे लग्न झाले. कपडे, पादत्राणे, विद्युत उपकरणे आणि सुरीकाट्यांवर मूळ देश लिहिण्याची ब्रिटनची स्वतःची सक्तीही 1985 मध्ये याच न्यायालयात टिकली नाही.

खरी अडचण ‘घडली’ या शब्दात आहे. कोरा मग परदेशातून आणला, चित्र स्टोक-ऑन-ट्रेंटमध्ये चिकटवून भट्टीत भाजले, तर तो कुठला? 1968 च्या ब्रिटिश कायद्याची कसोटी अशी, की मालात ठळक बदल घडवणारी शेवटची प्रक्रिया जिथे झाली, तो देश. पण चित्र छापणे हा ठळक बदल आहे का, यावर कुंभारकामाच्या त्या गावात नाराजी जुनीच आहे. मातीपासून भांडे घडवणाऱ्याला नुसते छापणारा आपल्या पंगतीला बसलेला कसा रुचावा? युरोपीय आयोगाने 2013 मध्ये ग्राहकोपयोगी मालावर मूळ देशाच्या सक्तीचा प्रस्ताव मांडला होता; तो सदस्य देशांच्या मतभेदांत अडकला.

आज ब्रिटनमध्ये अशा वस्तूंवर मूळ देश लिहिण्याची सरसकट कायदेशीर सक्ती नाही. दिशाभूल करणारी नोंद मात्र ग्राहक कायद्याने गुन्हा ठरू शकते. म्हणून तळ वाचताना ‘मेड इन’ आणि ‘डेकोरेटेड इन’ यांतला फरक पाहावा लागतो.