पार्श्वभूमी : जुन्या पिको मशीनची डावी सुई आणि गोधडी

बचत गटांच्या गोधड्या शहरांतल्या प्रदर्शनांत विकल्या जाऊ लागल्यापासून मराठवाड्यात जुन्या झिगझॅग, म्हणजे नागमोडी टाक्याच्या, मशीनना पुन्हा गिऱ्हाईक मिळू लागले आहे. यातली बरीच मशीन एके काळी पिको-फॉलच्या दुकानांत चाललेली आहेत. त्यांच्यावर कापडाचे चौकोन जोडायला बसलेल्या बाईला पहिल्याच शिवणीत एक गोष्ट खटकते : सरळ टाका घालताना सुई फूटच्या, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पायाच्या, मधोमध न उतरता डाव्या बाजूला सरकून उतरते. दुरुस्तीवाल्याकडे नेले तर तो कधी कधी सुईदांडा वाकल्याचे निदान करतो आणि तो ठोकून मध्यावर आणू पाहतो. वस्तुतः त्या काळच्या पुष्कळ झिगझॅग मशीनमध्ये सुईची मूळ जागाच डावीकडे होती आणि ती तिथे जाणूनबुजून ठेवलेली होती.

एकोणिसाव्या शतकातल्या घरगुती मशीनला हा प्रश्नच नव्हता, कारण ते फक्त सरळ शिवत असे आणि सुईखालच्या धातूच्या प्लेटला सुईपुरते एक गोल भोक असे. नागमोडी टाक्याच्या मशीनचे पेटंट अमेरिकेत एका महिलेने 1873 साली मिळवले, पण तो टाका पुढे बराच काळ कारखान्यांपुरताच राहिला. युरोपातल्या घरांत तो 1930 च्या दशकात शिरला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी कारखान्यांनी तो स्वस्त केला. आपल्याकडे त्याच 1930 च्या दशकात कलकत्त्यात ‘उषा’ हे देशी मशीन तयार होऊ लागले. मात्र मराठवाड्यातल्या घराघरांत पोचले ते काळे, सरळ टाक्याचे मशीन. झिगझॅगची गरज इथे भासली ती पुढे, पाचवारी साडीला फॉल लावून तिची कड पिको करून घेण्याची पद्धत रुळली तेव्हा.

आता सुई डावीकडेच का, हा मूळ मुद्दा. झिगझॅग टाक्यात सुई डावी-उजवीकडे झोके घेते आणि जुन्या मशीनमध्ये या झोक्याची कमाल रुंदी साधारण 4 ते 5 मिलिमीटर असते. रुंदी शून्यावर आणली की सुई कुठे थांबावी, हे यंत्र आखणाऱ्यांना ठरवावे लागले. मध्यावर थांबली तर झोका दोन्हीकडे सारखा वाढतो. डाव्या टोकाला थांबली तर तो केवळ उजवीकडे वाढतो. अनेकांनी दुसरा मार्ग पत्करला. गोधडी शिवणाऱ्या आज या निर्णयाला नावे ठेवतात, पण ज्यांच्यासाठी मशीन विकले जात होते त्या गिऱ्हाइकांना गोधडी नव्हे, तर सदऱ्याचे काज हवे होते.

काज कसे होते ते पाहिले की हिशेब कळतो. काजाची एक बाजू अरुंद झिगझॅगने शिवायची, सुई उजव्या टोकाला कापडात रुतवून ठेवायची, फूट उचलायचा आणि कापड अर्धा फेरा फिरवायचे. शिवून झालेली बाजू आता सुईच्या उजवीकडे येते. त्यानंतर रुंदी दुप्पट करून चार-सहा टाके घातले की काजाचे टोक दोन्ही बाजूंना बरोबर झाकून बंद होते, कारण झोक्याची डावी सीमा जागची हललेली नसते. सुई मध्यावर थांबणारी असती तर हेच टाके डावीकडे बाहेर गेले असते आणि उजवीकडे तोकडे पडले असते. पुढे डावी, मधली आणि उजवी अशा तीन जागांची कळ आली, तेव्हा कुठे हा पेच सुटला.

गंमत अशी की आपल्याकडच्या टेलरांची काजे बराच काळ हातानेच होत राहिली, त्यामुळे ज्या सोयीसाठी सुई डावीकडे गेली तिचा इथे फारसा उपयोगच झाला नाही. पिकोला मात्र ती मानवली. साडी सुईच्या डावीकडे राहते, डावा टाका कापडात बसतो आणि उजवा कडेच्या बाहेर उतरून कड गुंडाळतो.

जुन्या पद्धतीच्या गोधडीला किंवा वाकळीला सुई कुठे आहे याने काही बिघडत नव्हते. जुनी लुगडी आणि धोतरे एकावर एक अंथरायची, विरलेल्या जागी ठिगळ ठेवायचे, त्याच्या कडा आत मुडपायच्या आणि सगळे थर धावदोऱ्याने एकत्र बांधायचे, असे ते हाताचे काम होते. त्यात शिवणीसाठी कड मोजून सोडावी लागत नसे. चौकोन आधी एकमेकांना जोडून वरचे पान तयार करण्याची पाश्चात्त्य क्विल्टची रीत आली आणि तिच्यासोबत पाव इंचाची, म्हणजे दोन सुताची, काटेकोर शिवण आली. बाजारासाठी एकाच मापाच्या गोधड्या हव्या असल्याने गटांना ती रीत उचलावी लागली.

गोंधळ इथेच होतो. फूटची उजवी कड मध्यावरच्या सुईपासून दोन सूत, म्हणजे सुमारे 6.4 मिलिमीटर असेल, तर साडेचार मिलिमीटर झोक्याच्या मशीनवर डाव्या सुईपासून ती 8.6 मिलिमीटरवर पडते. शिवणीत दोन्ही तुकडे मिळून साडेचार मिलिमीटर कापड जास्त जाते. एका ओळीत नऊ चौकोन असतील तर आठ शिवणींत 36 मिलिमीटर, म्हणजे दीड इंचाला थोडे कमी, इतकी ओळ आखूड होते. शिवाय दोन सुताची कड कापड पुढे ओढणाऱ्या दात्यांपैकी उजव्या दात्यांवर जेमतेम टेकते. ओढण्याचे काम डावे दाते एकटेच करतात आणि शिवण हळूहळू तिरकी पळते.

तरीही डाव्या सुईवर ठेवला जाणारा ठपका मला निम्माच पटतो. झिगझॅगच्या प्लेटला गोल भोक नसते, आडवी खाच असते, आणि मधल्या सुईखाली कापडाला डावी-उजवीकडे आधार नसल्याने त्रिकोणी तुकड्याचे टोक हमखास खाचेत ओढले जाते. डावीकडच्या सुईला मात्र तीन बाजूंनी प्लेटची कड मिळते, त्यामुळे सरळ टाका अधिक आवळ आणि सुबक पडतो. टोक आत जाऊ नये म्हणून आधी एक चिंधी शिवून तिला लागूनच तुकडा सरकवायचा, ही युक्ती दोन्ही प्रकारच्या मशीनवर चालते.

मापाचा इलाज सोपा आहे : फूट विसरायचा आणि सुईपासून मोजायचे. आलेख कागद दोन सुतांवरच्या रेषेत कापायचा, सुई हाताने चाक फिरवून नेमकी रेषेवर टोचायची आणि कागदाच्या उजव्या कडेला लागून, दात्यांच्या पुढे, जाड पट्टी चिकटवायची. पाव इंचाचा तयार फूट मात्र विचारूनच घ्यावा. तो सहसा मधल्या सुईसाठी असतो आणि डावी सुई त्याच्या बोटावर आदळून तुटते. एका भोकाच्या सरळ प्लेटचेही तेच. ‘सिंगर 306’सारख्या काही मॉडेलांना तर सुईही वेगळी, 206×13 या क्रमांकाची, नेहमीच्या सुईपेक्षा थोडी आखूड लागते, साधी सुई लावली तर ती खाली दोरा पकडणाऱ्या हुकला लागण्याची शक्यता असते.

सुईची जागा मध्यावर आणणारी मशीन पुढे सर्वत्र झाली, पण अलीकडच्या संगणकीय मशीनमध्ये झोका 7 ते 9 मिलिमीटरपर्यंत रुंदावला आणि खाच त्याहून मोठी झाली. परिणामी नवे महागडे मशीन घेणाऱ्याही सरळ शिवणीसाठी आता बटण दाबून सुई डावीकडे नेतात. जुन्या बाजारात मात्र डाव्या सुईचे मशीन अजून ‘वाकड्या सुईचे’ म्हणून कमी भावात निघते. घेताना सुई वर ठेवून झोका शून्यापासून हळूहळू वाढवत न्यावा आणि चाक हाताने फिरवून पाहावे : डावा टाका प्रत्येक वेळी एकाच जागी पडून केवळ उजवा सरकत असेल, तर सुईदांड्यात दोष नाही आणि दुरुस्तीचा खर्च धरायचे कारण नाही.