सिबो : फुगणाऱ्या पोटामागचा सव्वाशे वर्षांचा प्रवास

जेवल्यावर तासाभरात पोट टम्म फुगतं, गुडगुडतं, ढेकरांवर ढेकर येतात. कधी चार दिवस पातळ होतं, कधी चार दिवस पोट साफच होत नाही. वजन उतरत जातं आणि घरची माणसं म्हणतात, खाल्लेलं अंगी लागत नाही. लातूर, परभणी, हिंगोलीकडच्या कुठल्याही दवाखान्यात दिवसभर बसलं तर अशी माणसं भेटतात. त्यांच्या हातातल्या पिशवीत बहुतेक वेळा तीच कागदं असतात: दोन-तीन सोनोग्राफ्या, एखादी दुर्बिणीची तपासणी, सगळं ‘नॉर्मल’, आणि पित्ताच्या गोळीची वर्षानुवर्षं चाललेली चिठ्ठी. अलीकडे छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडच्या पोटविकारतज्ज्ञाच्या कागदावर एक नवं नाव दिसू लागलं आहे, सिबो. लहान आतड्यात जंतूंची बेसुमार वाढ, असा त्याचा अर्थ. नाव आपल्याकडे नवं असलं तरी आजाराची ओळख सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. ती कशी होत गेली हे कळलं तर आज उपचारात कुठे चूक होते तेही कळतं, म्हणून हा मजकूर.

आधी थोडं शरीराबद्दल. जंतूंचं खरं घर मोठं आतडं. तिथे एका ग्रॅम मळात त्यांची संख्या दहा हजार कोटींच्या घरात जाते. त्यामानाने लहान आतड्याचा वरचा भाग जवळपास मोकळा असतो, एका मिलिलिटरमध्ये साधारण हजाराच्या आत. जठरातलं आम्ल, पित्तरस, आतड्याची सततची हालचाल आणि लहान-मोठ्या आतड्याच्या सांध्यावरची झडप मिळून तो मोकळा ठेवतात. यातलं एखादं बिघडलं की जंतू वर येऊन मुक्काम करतात, आपल्याआधी आपलं अन्न खातात आणि वायू सोडतात.

हे पहिल्यांदा लक्षात आलं ते मात्र गॅसवरून नव्हे, रक्तावरून. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोपात पोटाच्या शस्त्रक्रिया वाढल्या होत्या. १८९० साली इंग्लंडमध्ये विल्यम हेल व्हाइट यांनी आणि १८९५ साली डेन्मार्कमध्ये क्नुड फाबर यांनी एक विचित्र जोडी नोंदवली. ज्यांचं लहान आतडं कुठेतरी आवळलं गेलं होतं त्यांना घातक प्रकारचा पंडुरोग झाला होता. पुढे शस्त्रक्रियेत आतड्याचा एखादा भाग बाजूला पडून तिथे अन्न साचत राहिलं, तर त्याही रुग्णांत हेच दिसू लागलं. त्या आजाराला तेव्हा बंद वेटोळ्याचा आजार म्हणत. १९४८ साली हा पंडुरोग टाळणारं बी-१२ जीवनसत्त्व वेगळं काढलं गेलं आणि कोड्याचा एक पदर सुटला. साचलेल्या जागी वाढलेले जंतूच बी-१२ खाऊन टाकत होते. १९५०च्या दशकात अशा रुग्णांना टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक दिल्यावर बी-१२ पुन्हा अंगात जाऊ लागलं.

इथे मराठवाड्यातल्या वाचकाने थोडं थांबावं. आपल्याकडे माळकरी, शाकाहारी घरं भरपूर. बी-१२ कमी आलं की ‘तुम्ही मांसाहार करत नाही ना’ एवढ्यावर विषय संपतो आणि इंजेक्शनं सुरू होतात. बहुतेकांच्या बाबतीत ते बरोबरही असतं. पण लहान आतड्यात वाढलेले जंतू बी-१२ खातात आणि त्याच वेळी फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व तयार करतात. त्यामुळे बी-१२ तळाला आणि फोलेट मात्र भरपूर असा रिपोर्ट आला, सोबत पोट फुगत असेल, तर फक्त आहाराला दोष देऊन चालत नाही. इंजेक्शनाने रक्तातला आकडा वर येतो, आतड्यातला प्रकार तसाच राहतो.

जंतूंचा हिशेब आपल्या देशात वेगळा निघतो हेही जुनंच निरीक्षण आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तमिळनाडूत वेल्लोरच्या आसपासच्या खेड्यांत स्प्रू नावाच्या आजाराची साथ आली. जुलाब, अशक्तपणा, अन्न अंगी न लागणं ही त्याची लक्षणं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये सेल्विन बेकर आणि व्ही. आय. माथन यांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलं. त्या कामातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली: तिथल्या धडधाकट गावकऱ्यांच्याही लहान आतड्यात पाश्चात्त्य लोकांपेक्षा जास्त जंतू होते. म्हणजे फक्त संख्या मोजून कुणाला आजारी ठरवता येत नाही. टँकरचं पाणी, आडाचं पाणी, बोअरचं पाणी पिणाऱ्या आपल्या जिल्ह्यांना ही गोष्ट लागू असावी असं मला वाटतं, आणि बाहेरच्या देशातले आकडे जसेच्या तसे इथे लावताना ती विसरली जाते.

आपल्याकडे जुनी माणसं अशा दुखण्याला संग्रहणी म्हणत आणि वैद्य ताक देत. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात ग्रहणीवर स्वतंत्र अध्याय आहे, त्यात ताकाचं महत्त्व सांगितलं आहे. मात्र त्या वर्णनात अनेक आजार एकत्र येतात. त्यावर सरसकट सिबोचा शिक्का मारणं मला पटत नाही.

खरं वळण १९६९ साली आलं. त्या वर्षी अमेरिकेत मायकेल लेविट यांनी माणसाच्या शरीरात हायड्रोजन वायू कसा तयार होतो हे मोजून दाखवलं. आपल्या पेशी हायड्रोजन बनवत नाहीत, तो फक्त आतड्यातले जंतू बनवतात. तो रक्तातून फुफ्फुसात जातो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. म्हणजे आतड्यात नळी न घालता नुसत्या फुंकरीवरून आतली खबर काढता येणार होती. १९७६ साली लंडनमधल्या एका गटाने ग्लुकोज पाजून श्वासातला हायड्रोजन मोजायची पद्धत जंतूवाढ ओळखण्यासाठी वापरली.

त्याच १९६९ साली आणखी एक शोध लागला, ज्याकडे आपल्याकडे फार कमी लक्ष जातं. जोसेफ शुर्शेव्स्की यांनी उपाशी कुत्र्यांच्या आतड्यात ठरावीक वेळाने वरून खाली जाणारी एक जोरकस लाट नोंदवली. माणसातही ती असते. पोट रिकामं असताना साधारण दीड-दोन तासांनी ती उठते आणि उरलंसुरलं अन्न, जंतू खाली ढकलत नेते. आपण काही खाल्लं की ती थांबते. १९७७ साली बेल्जियममध्ये व्हान्ट्रापेन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ज्यांच्यात ही लाट उठत नाही किंवा बिघडलेली असते त्यांच्यात जंतूवाढ आढळते. वाहत्या पाटात शेवाळ धरत नाही, थांबलेल्या पाण्यात धरतं, तसंच हे. माझ्या मते या सगळ्या इतिहासाचं सार इथे आहे. आवळलेलं आतडं असो, बंद वेटोळं असो, मधुमेहाने मंदावलेल्या नसा असोत किंवा कातडी आणि आतडं ताठर करणारा स्क्लेरोडर्मा, प्रत्येक ठिकाणी आधी साचणं आहे, जंतू मागून आले. उपचार मात्र जंतूंपासून सुरू होतो आणि बहुधा तिथेच संपतो.

नंतर आल्या पित्ताच्या गोळ्या. १९८८ साली ओमेप्राझोल बाजारात आलं. अल्सरच्या रुग्णांसाठी ते वरदान ठरलं, यात शंका नाही. पण आज मेडिकलच्या काउंटरवर ‘सकाळी उपाशीपोटी एक’ म्हणून ही गोळी कुणालाही मिळते, आणि माणसं ती पाच-पाच, दहा-दहा वर्षं घेतात. आम्ल हाच जंतूंवरचा पहिला पहारा. २०१० साली इटलीतल्या एका अभ्यासात या गोळ्या घेणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांची श्वासचाचणी सिबोची आली, न घेणाऱ्या निरोगी लोकांत ती ६ टक्क्यांत आली. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत फरक इतका मोठा निघाला नाही, काहींत तर निघालाच नाही. तरीही फुगलेल्या पोटावर कारण न शोधता हीच गोळी वर्षानुवर्षं चालू ठेवणं चुकीचं आहे, हे ठामपणे म्हणावंसं वाटतं. गोळी बंद करायची ती मात्र डॉक्टरांना विचारूनच. काहींना तिची खरोखर गरज असते.

२००० साली लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयातल्या मार्क पिमेंटेल यांच्या गटाने खळबळ उडवून दिली. आयबीएसच्या, म्हणजे तपासण्या नॉर्मल असूनही पोट वारंवार बिघडण्याच्या आजाराच्या, २०२ रुग्णांपैकी ७८ टक्के लोकांची श्वासचाचणी सिबोची आली, आणि ज्यांची वाढ आटोक्यात आली त्यांचा त्रासही कमी झाला. ज्यांना ‘तुमच्या मनाचं आहे’ म्हणून परत पाठवलं जायचं त्यांच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट होती. वाद लगेच सुरू झाला. पिमेंटेल यांनी चाचणीत ग्लुकोजऐवजी लॅक्टुलोज वापरलं होतं. ते पचत नाही, सरळ मोठ्या आतड्यात पोचतं. ज्याचं आतडं भरभर चालतं त्याच्यात ते लवकर पोचतं आणि तिथला वायू लहान आतड्याचा समजला जातो. २०११ साली कॅनडातल्या संशोधकांनी किरणोत्सर्गी खुणेच्या मदतीने नेमकं हेच दाखवलं. ग्लुकोजचं उलट आहे. ते वरच्या भागातच शोषलं जातं, म्हणून खालच्या टोकाला झालेली वाढ त्यात सुटू शकते.

चाचणी प्रत्यक्षात कशी असते हे आधी माहीत असलेलं बरं, कारण तालुक्याच्या गावी ती सोय नसते आणि मोठ्या शहरात जाऊन फेरी वाया गेली की जीव वैतागतो. आदल्या चार आठवड्यांत अँटिबायोटिक घेतलेलं नसावं. आपल्याकडे साध्या तापालाही ते दिलं जातं, तेव्हा आठवून सांगायला हवं. आदल्या दिवशी डाळ, भाकरी, चपाती, दूध, फळं, भाज्या बंद, साधा पांढरा भात चालतो. किनवट किंवा अहमदपूरहून आदल्या रात्री निघणाऱ्याने भाताचा डबा सोबत ठेवावा, कारण स्टँडसमोरच्या हॉटेलातली डाळफ्राय खाल्ली तर सकाळची चाचणी बिघडते. रात्रीपासून बारा तास उपास. सकाळी तंबाखू, बिडी नाही, धावपळ नाही. तोंड खळखळून धुऊन पहिली फुंकर, मग पेलाभर पाण्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज, इतकं गोड की काहींना मळमळतं. त्यानंतर दर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा फुंकर. नव्वद मिनिटांच्या आत हायड्रोजन सुरुवातीपेक्षा दहा लाखात २० भागांनी वाढला तर चाचणी पॉझिटिव्ह, असं २०१७ साली उत्तर अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी ठरवलं. मिथेन केव्हाही दहा लाखात १० भाग निघाला तर तो वेगळा प्रकार. मिथेन करणारे सूक्ष्मजीव जंतूंच्या कुळातलेही नाहीत, आणि त्यांच्यामुळे जुलाबापेक्षा बद्धकोष्ठ जास्त होतं. भारतात लखनौच्या एसजीपीजीआय संस्थेत उदय घोषाल यांच्या गटाने या विषयावर बरंच काम केलं. २०२२ साली भारतीय तज्ज्ञांची एकत्रित मतंही प्रसिद्ध झाली.

औषधांत सध्या रिफाक्झिमिन या अँटिबायोटिकचं नाव सगळ्यात पुढे. त्याचं कूळ रिफामायसिनचं. १९५७ साली मिलानच्या एका प्रयोगशाळेत फ्रान्सहून आणलेल्या मातीतल्या जंतूपासून रिफामायसिन निघालं, आणि क्षयाचं रिफाम्पिसिनही त्यातूनच आलं. रिफाक्झिमिन आतड्यातून रक्तात जवळजवळ जात नाही, म्हणून दुष्परिणाम कमी. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत बद्धकोष्ठ नसलेल्या आयबीएसला ५५० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, १४ दिवस दिलं गेलं. ४०.७ टक्के रुग्णांना पुरेसा आराम पडला. नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत तो आकडा ३१.७ होता. फरक खरा आहे, पण केवढा ते पाहून मगच हजारो रुपयांच्या गोळ्या घ्याव्यात. मिथेनवाल्यांना त्याच्या जोडीला निओमायसिन हे दुसरं अँटिबायोटिक देतात.

क्षयाचं कूळ उगाच सांगितलं नाही. आपल्या भागात क्षय अजून घरोघरी ऐकू येतो, आणि आतड्याचा क्षय लहान-मोठ्या आतड्याच्या सांध्याजवळ आतडं आवळून टाकतो. वर सांगितलेल्या १८९०च्या रुग्णांचंही आतडं असंच आवळलं गेलं होतं. अशा माणसाला सिबोच्या गोळ्यांनी पंधरा दिवस बरं वाटेल आणि क्षय मागे वाढत राहील. वजन झपाट्याने उतरत असेल, संध्याकाळी कसकस असेल, शौचातून रक्त जात असेल, रात्री पोटदुखीने जाग येत असेल तर आधी त्याचाच शोध घ्यायला हवा. तसंच शस्त्रक्रियेचं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला. पोटाच्या कुठल्याही शस्त्रक्रियेनंतर आतडी एकमेकांना चिकटून वाट अडखळू शकते. पोट फुगल्याची तक्रार घेऊन आलेल्या बाईला ‘पोटाचं ऑपरेशन झालंय का’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि विचारला नाही तर तिने स्वतःहून सांगावं.

रोजचं जगणं जेवणाशी बांधलेलं असतं. २००५च्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठातून कमी फॉडमॅपचा आहार पुढे आला. लवकर आंबणारी, वायू करणारी कर्बोदकं काही आठवडे कमी करायची, मग एकेक पदार्थ परत घेऊन काय सोसतं ते बघायचं. इंटरनेटवरच्या याद्यांत क्विनोआ आणि बदामदूध असतं, आणि ते वाचून माणूस खचतो. मराठवाड्याचं ताट इतकं वाईट नाही. ज्वारीची भाकरी गव्हाच्या चपातीपेक्षा सहसा बरी सोसते, कारण गव्हातलं फ्रुक्टान, म्हणजे असंच एक वायू करणारं कर्बोदक, तिच्यात कमी. शेंगदाण्याची चटणी बेताने चालते, फक्त तिच्यातला लसूण काढावा लागतो. अडचण कांदा-लसणाची. पण लसणातलं फ्रुक्टान तेलात उतरत नाही. करडईच्या तेलात पाकळ्या तांबूस होऊ द्यायच्या, झाऱ्याने सगळ्या काढून टाकायच्या आणि मग त्या तेलात फोडणी द्यायची. वास राहतो, त्रास टळतो. डाळ रात्रभर भिजवून ते पाणी फेकलं तर वायू करणारी साखर बरीच कमी होते. तुरीऐवजी काही दिवस मुगाचं पातळ वरण घ्यावं. हा आहार जन्मभरासाठी नाही. आधीच वजन उतरलेल्या माणसाने तो आहारतज्ज्ञाशिवाय करू नये. त्याने जंतू मरत नाहीत, त्रास कमी होतो, इतकंच.

दुसरी गोष्ट दोन जेवणांमधल्या अंतराची. रिकाम्या पोटी उठणाऱ्या त्या लाटेला वेळ मिळावा म्हणून चार तास मध्ये काही खाऊ नये असं बरेच डॉक्टर सांगतात. यावर मोठ्या चाचण्या झालेल्या नाहीत, पण कल्पना शरीराच्या रीतीला धरून आहे. आपल्याकडे ते मोडतं चहाने. दूध-साखरेचा कपही जेवणच धरला जातो, आणि पाहुणा आला की कप पुढे येतोच. ‘आता नको, पोटाचा कोर्स चालू आहे’ असं सांगायला संकोच वाटतो, तरी सांगावं.

उलटून येणं हा या आजाराचा सगळ्यात त्रासदायक भाग. २००८ साली रोममध्ये रिफाक्झिमिनने बऱ्या झालेल्या ८० रुग्णांवर लक्ष ठेवलं गेलं. तीन महिन्यांत १२.६ टक्के, सहा महिन्यांत २७.५ टक्के आणि नऊ महिन्यांत ४३.७ टक्के लोकांची चाचणी पुन्हा बिघडली. वय जास्त असलेल्यांत, पूर्वी अपेंडिक्स काढलेल्यांत आणि पित्ताच्या गोळ्या कायम घेणाऱ्यांत हे प्रमाण जास्त होतं. म्हणून दुसऱ्यांदा पोट फुगू लागलं की जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून तोच कोर्स परत आणू नये. डॉक्टरांकडे जाऊन विचारावं, आतडं मंद का चाललंय, ते कुठे आवळलंय का, साखर आटोक्यात आहे का, थायरॉइड तपासलं का, आणि ती पित्ताची गोळी अजून लागते का.