पालाशसमृद्ध खडक आणि सोने-तांबे : एका नात्याची पार्श्वभूमी

पुण्यात पाताळेश्वरची लेणी ज्या काळ्या कातळात कोरली आहेत, त्या बेसाल्टमध्ये पोटॅशियम ऑक्साइड साधारणपणे जेमतेम अर्धा टक्का असते. याच्या कित्येक पट पोटॅशियम, म्हणजे शेतकऱ्यांच्या ओळखीचा पालाश, असलेले अग्निजन्य खडक जगातील सोन्या-तांब्याच्या काही मोठ्या खाणींपाशी वारंवार आढळतात.

या खडकांची ओळख आधी पटली, धातूंशी असलेले त्यांचे नाते बरेच उशिरा उमगले. 1874 मध्ये जर्मन भूवैज्ञानिक गुंबेल यांनी काळ्या अभ्रकाच्या चकाकत्या पापुद्र्यांवरून एका खडकाला लॅम्प्रोफायर म्हटले. 1895 मध्ये अमेरिकन भूवैज्ञानिक इडिंग्ज यांनी अमेरिकेतील यलोस्टोन परिसरातील खडकाला शोशोनाइट हे नाव दिले. त्याच दशकात कोलोरॅडोतील क्रिपल क्रीकच्या खाणी गाजू लागल्या. तिथले बरेचसे सोने टेल्युरियम या मूलद्रव्याशी संयोग पावलेले असल्याने दगडात पिवळे दिसतच नाही. फिकट, रुपेरी झाक असलेला तो दगड भाजला की टेल्युरियम उडून जाते आणि पृष्ठभागावर सोन्याचे बारीक मणी उमटतात.

1988 मध्ये निकोलस रॉक आणि डेव्हिड ग्रोव्ह्ज या भूवैज्ञानिकांनी लॅम्प्रोफायरच खोलवरून सोने वर आणत असावेत, असे मांडले. पुढील विश्लेषणांत ताज्या, न बदललेल्या नमुन्यांत सोने विशेष जास्त आढळले नाही, त्यामुळे ही मांडणी मूळ रूपात टिकली नाही. पण तिच्यामुळे सुरू झालेला शोध मला फार मोलाचा वाटतो. आजचे स्पष्टीकरण असे : एक भूपट्ट (पृथ्वीच्या बाह्य थराचा प्रचंड तुकडा) दुसऱ्याखाली सरकताना त्यातून सुटणारे द्रव त्याच्या वरच्या प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या थरात, पोटॅशियम, पाणी आणि क्लोरीन मुरवतात. अशा प्रावरणातून वितळलेल्या शिलारसात ऑक्सिजनची उपलब्धता जास्त असल्याने गंधक सल्फेटच्या रूपात राहते, सल्फाइड (गंधक आणि धातूंचे संयुग) लवकर वेगळे होत नाही, आणि एरवी त्या सल्फाइडबरोबर खालीच अडकले असते ते सोने-तांबे शिलारसासोबत वर येऊन शेवटी गरम द्रवांतून भेगांमध्ये साचते. म्हणजे पोटॅशियम हे सोन्याचे कारण नव्हे, दोघांच्या समान उगमाची ती खूण आहे. पापुआ न्यू गिनीतील लिहिर आणि इंडोनेशियातील ग्रासबर्ग ही याची ठळक उदाहरणे.

लॅम्प्रोफायरच्या भित्ती, म्हणजे भेगांत शिरून थिजलेल्या शिलारसाच्या पट्ट्या, मुरुड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावरही आहेत. मात्र त्या भूपट्ट फाटतानाच्या, दख्खनच्या ज्वालामुखीच्या काळातील आणि वेगळ्या जातीच्या असून त्यांत प्रावरणाचे तुकडे सापडतात. सोन्याची खाण तिथे नाही.