ओल्या गाद्यांचा हिशेब

युद्धामुळे घरात घ्याव्या लागलेल्या पाहुण्यांनी नुकसान केलं, तर ते भरून कोणी द्यायचं? ब्रिटनमध्ये हा वाद निदान 1939 पासूनचा आहे.

1 सप्टेंबर 1939 ला, जर्मनीने पोलंडवर चाल केली त्याच दिवशी, बॉम्बहल्ल्याच्या भीतीने ब्रिटनमधल्या शहरांतली मुलं रेल्वेने खेड्यांकडे निघाली. तीन दिवसांत सरकारी योजनेतून सुमारे 15 लाख लोक हलले. त्यांत निम्म्याहून अधिक शाळकरी मुलं होती: अंगावर नावाची चिठ्ठी, खांद्याला गॅस मास्कचा खोका. ज्यांच्या दारी ती उतरली त्यांना यजमान म्हणायचं ते उपचारापुरतं. कोणाकडे किती खोल्या, किती माणसं, याची मोजदाद सरकारने आधीच करून ठेवली होती. जागा असून नकार दिला तर दंडाची तरतूद होती. एकटं मूल ठेवलं तर आठवड्याला 10 शिलिंग 6 पेन्स मिळायचे, एकाहून जास्त असतील तर प्रत्येकी 8 शिलिंग 6 पेन्स. राहणं-जेवण त्यातच.

भांडण पेटलं ते गादीवरून. आईपासून तुटलेली, परक्या घरात अंधाराला भ्यालेली मुलं रात्री अंथरूण ओलं करत. गाद्या कुजल्या, चादरी रोज धुवाव्या लागल्या, आणि तक्रारींचा पाऊस पडला. डॉक्टर भीतीकडे बोट दाखवत होते. पुष्कळ घरमालकिणींनी मात्र ‘शहरातल्या गरिबांना वळणच नाही’ असा निकाल देऊन टाकला होता. माझ्या मते खरा राग सक्तीचा होता. मुलं हाताशी होती, सरकार नव्हतं.

शेवटी धुलाईसाठी जादा भत्ता आला, आणि सांभाळायला अवघड ठरलेल्या मुलांसाठी वेगळी वसतिगृहं निघाली. जानेवारी 1940 पर्यंत निम्म्याहून अधिक लोक घरी परतलेही, कारण बॉम्ब अजून पडलेच नव्हते. ते पडू लागल्यावर 1941 मध्ये युद्धहानीचा कायदा झाला. तो शत्रूने केलेल्या नुकसानीपुरता. शत्रूने घर पाडलं तर सरकार जबाबदार; पाहुण्या पोराने गादी नासवली तर ते त्यात बसत नव्हतं.

2022 मध्ये युक्रेनच्या निर्वासितांसाठी सक्ती नव्हती, लोकांनी आपणहून दारं उघडली. सरकारने यजमानाला महिन्याला 350 पौंड देऊ केले, घरात पाहुणे कितीही असोत. या रकमेला भाडं न म्हणता ‘आभाराची रक्कम’ म्हटलं गेलं, आणि पाहुण्यांकडून भाडं घ्यायचं नाही अशी अट होती.