सरकारी ऑफिसातलं नेतृत्व, संवाद आणि एंगेजमेंट

सरकारी खाती, महापालिका, सरकारी दवाखाने, शाळा अशा ठिकाणी काम करणाऱ्यांचं मन कामात किती लागतं आणि त्यात साहेब लोकांचा आणि आपसातल्या बोलण्याचा वाटा किती, असा हा विषय आहे. एंगेजमेंट, म्हणजे हे मन लागणं, हे नुसतं खूश असणं नव्हे, खुशीत असलेला माणूसही काम ढकलत बसू शकतो. अभ्यासक विल्यम कान यांनी 1990 साली ही कल्पना मांडली, त्यांच्या मते माणूस कामात जीव ओततो तो तीन गोष्टी असतील तर: कामाला अर्थ वाटणं, खरं बोललो तर अंगाशी येणार नाही ही खात्री, आणि तेवढी ताकद शिल्लक असणं. सरकारी ऑफिसात घोडं बहुतेक वेळा दुसऱ्या गोष्टीवर अडतं.

खाजगी कंपनीपेक्षा इथलं गणित वेगळं. पगार ठरलेल्या स्केलने, प्रमोशन बऱ्याचदा सीनियॉरिटीने, त्यामुळे चांगलं काम केलं म्हणून साहेब स्वतःच्या अधिकारात फारसं काही देऊ शकत नाही. वर निवडून आलेले लोक असतात, सरकार बदललं की प्राधान्य बदलतं, अधिकाऱ्यांच्या बदल्या होत राहतात. पण जमेची बाजूही मोठी आहे. जेम्स पेरी आणि लॉइस वाइज यांनी 1990 मध्येच मांडलं की लोकांच्या उपयोगी पडायची ओढ ही या क्षेत्रातली एक मोठी प्रेरणा असते, म्हणजे इथे ती बाहेरून आणावी लागत नाही, बरेच जण ती घेऊनच नोकरीला लागतात, प्रश्न आहे तो ती मारली कशी जाते हा.

एक परिपत्रक घ्या. नियम बदलला, वरून आठ-दहा पानांचं पत्रक निघालं, त्यात आधीच्या चार पत्रकांचे संदर्भ, ते टप्प्याटप्प्याने खाली येतंय तोवर बातमी सगळीकडे पोचलेली असते आणि खिडकीवरच्या क्लार्कला नवा नियम समोरच्या नागरिकाकडून कळतो. त्याचा अपमान होतो तो तिथे. मायकेल लिप्स्की यांनी 1980 मध्ये दाखवलं की धोरण कागदावर काहीही असो, लोकांच्या वाट्याला तेच येतं जे खिडकीवरचा, वर्गातला, रस्त्यावरचा कर्मचारी प्रत्यक्षात करतो. मग ज्याच्या हातात धोरण आहे त्यालाच सगळ्यात शेवटी का सांगायचं?

खालून वर जाणारा संवाद तर याहून अवघड. एलिझाबेथ मॉरिसन आणि फ्रान्सिस मिलिकन यांनी 2000 साली यावर लिहिलं, गडबड सगळ्यांना माहीत असते, पण बोलून उपयोग नाही, उलट त्रासच होईल असं वाटून सगळेच गप्प बसतात. मीटिंगमध्ये "कुणाला काही सांगायचंय का" विचारून हे सुटत नाही. कामात आपलं काही चालत नाही, ही गोष्ट तब्येतीशीही जोडलेली दिसते. ब्रिटनमध्ये सरकारी नोकरांवरच 1967 पासून व्हाइटहॉल नावाचा अभ्यास झाला, त्यात खालच्या ग्रेडच्या पुरुषांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू वरच्या ग्रेडपेक्षा जास्त दिसले आणि 1985 ला सुरू झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, ज्यांचा स्वतःच्या कामावर ताबा कमी त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त असल्याचं आढळलं. म्हणून मला हा विषय एचआरच्या फाइलपुरता वाटत नाही, थेट माणसाच्या तब्येतीचा वाटतो.

मोजमाप सर्व्हेने होतं. अमेरिकेच्या केंद्र सरकारात असा सर्व्हे 2002 मध्ये सुरू झाला, ब्रिटनमध्ये सगळ्या खात्यांचा एकत्र 2009 मध्ये. अमेरिकन सर्व्हेत एंगेजमेंटचे तीन भाग पाडले होते: वरचं नेतृत्व, थेट वरचा सुपरवायझर आणि खुद्द कामाचा अनुभव. ही फोड कामाची आहे, कारण वरच्यांवर राग असूनही सुपरवायझरमुळे टिकून राहिलेली टीम असू शकते. सर्व्हे घेतला, आकडे आले, पीपीटी झाली आणि पुढे काहीच नाही, तर मात्र न घेतलेला बरा, पुढच्या वेळी लोक खरं लिहीत नाहीत.

साहेबाच्या हातात नक्की असलेली गोष्ट म्हणजे उत्तर देणं. सूचना मान्य नसेल तर "नाही, बजेट नाही", "नाही, कायद्यात बसत नाही" एवढं कारणासकट ठरल्या तारखेच्या आत सांगितलं तरी माणूस पुन्हा बोलतो. आणि बदली होताना कुणाला काय कबूल केलंय ते लिहून नव्या साहेबाच्या हातात द्यायला हवं, नाहीतर नव्या माणसापुढे सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगत बसावं लागतं, आणि दोन-तीन बदल्यांनंतर कुणी सांगतच नाही.