एम्युलेटरला चुकाही उतरवाव्या लागतात

सिम्युलेशन आणि एम्युलेशन या दोन्हींना ‘नक्कल’ म्हणून आपण मोकळे होतो. प्रत्यक्ष कामात मात्र हा घोळ महागात पडतो, कारण पहिली नक्कल ‘काय होईल?’ हे शोधण्यासाठी असते, तर दुसरी मूळ वस्तूच्या जागी उभी राहण्यासाठी.

मुंबईत धो-धो पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली, तर दादरजवळच्या सखल हिंदमाता भागात पाणी किती चढेल? हे आधी सांगायला सिम्युलेशन लागतं. जमिनीची उंची, नाल्यांचा आकार आणि उतार, पंपांची क्षमता, भरतीची वेळ, ताशी पाऊस ही माहिती घ्यायची. नकाशावर चौकोनांची जाळी टाकायची आणि प्रत्येक चौकोनात पाणी किती आलं, किती गेलं याचा हिशेब छोट्या-छोट्या टप्प्यांनी पुढे न्यायचा. यात बरंच काही मुद्दाम गाळलेलं असतं, आणि काय गाळायचं हे ठरवण्यातच खरं कसब आहे. दुकानांच्या पायऱ्या सोडल्या तरी चालतं. गाळाने अर्धा भरलेला नाला मोकळा धरला, तर उत्तर साफ चुकतं.

पावसाच्या बाबतीत अडचण आणखी मोठी. २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर नोंद झाली, कुलाब्याला जेमतेम ७३. दोन्ही ठिकाणांतलं अंतर वीस-पंचवीस किलोमीटर. जाळीचा एकेक चौकोनच तेवढा असेल, तर हा फरक मॉडेलला दिसणारच नाही. चौकोनाची बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात. शिवाय वेळेचा टप्पाही निम्मा करावा लागतो, नाहीतर आकडे भरकटतात. म्हणजे गणिताचं काम आठपट.

एम्युलेशनमध्ये अशी गाळायची मुभा नाही. १९६४ मध्ये आयबीएमने सिस्टीम/३६० ही संगणकांची मालिका जाहीर केली, तेव्हा ग्राहकांकडे जुन्या १४०१ संगणकासाठी लिहिलेले ढीगभर प्रोग्रॅम होते. ते पुन्हा लिहायला लावण्याऐवजी नव्या यंत्रालाच जुन्याच्या आज्ञा समजतील अशी सोय करण्यात आली. ही सोय म्हणजेच एम्युलेटर. त्याचं काम सांगायला सोपं आहे: एक आज्ञा उचलायची, तिचा अर्थ लावायचा, मूळ चिपने रजिस्टर (चिपमधल्या तात्पुरत्या साठवणीच्या छोट्या जागा) आणि मेमरीत जे बदल केले असते नेमके तेच करायचे, किती क्लॉक सायकल (चिपच्या घड्याळाचे ठोके) खर्च झाल्या ते मोजायचं आणि पुढच्या आज्ञेकडे वळायचं.

हे ‘नेमके तेच’ फार कठीण. १९७५ च्या ६५०२ प्रोसेसरचं उदाहरण घ्या. उडी कुठे मारायची तो पत्ता मेमरीतून वाचायचा, अशी त्याची एक आज्ञा आहे. पत्ता दोन बाइटचा. त्यातला पहिला बाइट २५६ बाइटच्या पानाच्या अगदी शेवटी असेल, तर दुसरा पुढच्या पानावरून यायला हवा. ही चिप मात्र त्याच पानाच्या सुरुवातीला परत जाते. ही रचनेतली चूक आहे, तरी चांगला एम्युलेटर ती जशीच्या तशी करतो. कारण एखादा जुना प्रोग्रॅम कळत-नकळत त्या चुकीवरच चालत असेल, तर ‘दुरुस्त’ एम्युलेटरमध्ये तो भलतीकडे उडी मारून बंद पडेल.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायचे आणि कॅसेट घालून खेळायचे जे गेम मिळत, त्यांतल्या अनेकांत याच कुळातली चिप असे. त्यांच्या एम्युलेटरमध्ये वेळही सांभाळावी लागते. सेकंदाला ६० चित्रांवर बेतलेला गेम ५० वर चालवला, तर पात्रं आणि संगीत दोन्ही सुमारे १७ टक्के मंदावतात.

सिम्युलेशन आणि एम्युलेशनमधला हा फरक आज सर्वात जास्त भोवतो तो मोबाइल ॲप बनवणाऱ्यांना. आयफोनची ॲप बनवायच्या ॲपलच्या एक्सकोड या सॉफ्टवेअरमध्ये मिळतो तो सिम्युलेटर. तिथे ॲप मॅक संगणकाच्याच प्रोसेसरवर, मॅकचीच मेमरी वापरून चालतं. त्यामुळे खऱ्या फोनवर रखडणारं ॲप तिथे सुसाट पळू शकतं. आणखी एक नेहमीचा सापळा फाइलच्या नावाचा. मॅकची डिस्क सहसा मोठ्या-छोट्या रोमन अक्षरांत भेद करत नाही, आयफोन करतो. कोडमध्ये एका अक्षराचा फरक राहिला, की सिम्युलेटरवर दिसणारं चित्र फोनवर गायब.

अँड्रॉइड ॲप बनवायच्या अँड्रॉइड स्टुडिओ या सॉफ्टवेअरमधला एम्युलेटर मात्र अख्खा फोन उभा करतो, अँड्रॉइडची स्वतःची सिस्टीम त्यात सुरुवातीपासून चालू होते. त्याला खोटं ठिकाणही सांगता येतं. जवळचं लोकल स्टेशन दाखवणारं ॲप तपासायचं असेल, तर ‘जिओ फिक्स’ या आज्ञेत आधी रेखांश द्यायचा, मग अक्षांश: दादरसाठी ७२.८४ आणि १९.०२. नकाशांच्या सवयीने आकडे उलटे टाकले, तर फोन थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात पोहोचतो.

सलग वापराने तापलेला फोन स्वतःचा वेग उतरवतो आणि ॲप अडखळायला लागतं, हे मात्र या दोन्हींत दिसत नाही. ते बघायला कमी रॅमचा एक खरा, साधा फोनच हाताशी ठेवावा लागतो.