जुन्या मोटारींचं संग्रहालय: सहकुटुंब येण्याआधी वाचा

सप्रेम नमस्कार,

आमच्याबरोबर जुन्या मोटारी बघायला येणाऱ्या कुटुंबांसाठी हे पत्रक आहे. आमचा व्यवसाय छोटा आहे. एका वेळी एक-दोन कुटुंबं घ्यायची आणि गाड्या नीट दाखवायच्या, एवढंच आम्ही करतो.

एक विनंती आधीच करतो. सगळ्या गाड्या बघून व्हायलाच हव्यात, असा हट्ट नको. विसाव्या गाडीनंतर मुलांना सगळी बॉनेटं सारखीच दिसू लागतात, आणि मोठ्यांनाही, फक्त ते कबूल करत नाहीत. आम्ही सात-आठ गाड्यांपाशीच थांबतो, पण निवांत. तेही चकाकत्या रेडिएटरसमोर नाही, तर बाजूला, चालकाच्या जागेपाशी. चालवणाऱ्याच्या हातापायांना काय काय करावं लागायचं, ते तिथे दिसतं.

सुरुवात शक्यतो जर्मन अभियंते कार्ल बेंझ यांच्या तीनचाकी मोटारीपासून करतो. १८८६ साली पेटंट घेतलेल्या या गाडीची प्रतिकृती बऱ्याच संग्रहालयांत असते. तिला स्टिअरिंगचं चाक नाही, वळवायला नुसता एक दांडा. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेंझ यांच्या पत्नी बर्था अशीच एक गाडी घेऊन, नवऱ्याला न सांगता, दोन मुलांसह जर्मनीतल्या मानहाइम शहरातून फोर्ट्सहाइमला माहेरी निघाल्या. अंतर शंभर किलोमीटरच्या वर. मोटारीतला पहिला लांबचा प्रवास तो हाच. वाटेत इंधन संपत आलं, ते औषधाच्या दुकानातून घेतलं. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेक झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. चढावर मुलं उतरून गाडी ढकलत होती. हा भाग सांगितला की आमच्याकडे आलेली मुलं आईकडे बघतात.

फोर्ड कंपनीची मॉडेल टी असेल तर तिथे जास्त वेळ द्या. १९०८ ते १९२७ या काळात अशा दीड कोटी गाड्या बनल्या. खाली तीन पेडल दिसतील, पण त्यांतलं एकही अ‍ॅक्सिलरेटर नाही. डावं गिअरसाठी, मधलं मागे जाण्यासाठी आणि उजवं ब्रेकचं. वेग वाढवायची छोटी दांडी स्टिअरिंगखाली. आजचा सराईत चालकही इथे गोंधळेल. टाकी सीटखाली असायची आणि पेट्रोल आपल्या वजनानेच इंजिनाकडे उतरायचं. त्यामुळे टाकीत थोडंच पेट्रोल असताना उभा चढ आला की लोक गाडी वळवून उलटी चढवत. मुलांना हे आधी सांगू नका. ‘का बरं उलटी?’ एवढंच विचारा आणि वाट बघा.

पुढे लटकणारं हँडल म्हणजे तेव्हाचा स्टार्टर. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटा झटका देई आणि मनगट मोडे. म्हणून अंगठा हँडलभोवती न वळवता बोटांच्याच बाजूला ठेवायची शिकवण असे. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये अमेरिकी अभियंते चार्ल्स केटरिंग यांचा विजेवरचा स्टार्टर आला आणि पुढे हळूहळू ही कसरत संपली.

विजेवरची जुनी गाडी दिसली तर ‘ही मागाहून बदलली का?’ असं हमखास विचारलं जातं. नाही. १९०० च्या सुमारास अमेरिकेत वाफेवरच्या आणि विजेवरच्या गाड्या मिळून पेट्रोलच्या गाड्यांपेक्षा जास्त होत्या.

‘व्हिंटेज’ शब्दावरून घरात वाद घालू नका. व्याख्या देशोदेशी वेगळी आहे. ब्रिटिश वर्गवारीत १९१९ ते १९३० या काळातल्या गाड्या व्हिंटेज धरतात.

आता थोडं नियमांबद्दल. हात लावू नका, ही पाटी उगाच नसते. बोटांच्या घामातल्या क्षाराने पितळ आणि निकेलवर डाग पडतात. त्याहून मोठा धोका म्हणजे पट्ट्याचं बक्कल आणि पाठीवरची सॅक. फोटोसाठी मागे सरकताना रंगावर ओरखडा उठतो, तो जुन्या रंगाला जुळवून भरणं फार जिकिरीचं असतं. सॅक पोटाशी घ्या. लहानग्यांना कडेवर घेतलंत तर त्यांचे बूट सांभाळा.

गाडीखाली तेलाचा ट्रे दिसला तर गाडी बिघडली असं समजू नका. त्या काळच्या इंजिनांत तेल अडवायला बहुधा नमदा (दाबलेल्या लोकरीचं जाड कापड) किंवा दोर असे, त्यामुळे थोडं ठिबकणारच.

साधारण दीड तास लागतो. मध्ये एकदा बसायला थांबतो. आजी-आजोबा येणार असतील तर आधी सांगा, म्हणजे कमी चालण्याचा क्रम ठरवता येतो. मुलांची वयंही आदल्या दिवशी कळवा: सहा वर्षांच्या मुलाला भोंगा आणि दिवे दाखवायचे असतात, तर चौदा वर्षांच्या मुलीला गिअरबॉक्स उघडा असलेला नमुना.